रेल्वेच्या नोकरीने गीतू अन्ना जोसला घडवलं की अडवलं?

माटुंग्याचा पोस्ट

आमच्या बास्केटबॉलच्या ग्रुपवर काल एकाने ठणकावून लिहिलं की भारतातल्या बायकांच्या बास्केटबॉलची वाट रेल्वेने लावली. पुरावा म्हणून नाव दिलं गीतू अन्ना जोसचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: केरळातल्या कोट्टायमकडची मुलगी, उंची सहा फूट दोन इंच, आधी व्हॉलीबॉल खेळायची. मग दक्षिण रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी, भारताचं कर्णधारपद, २००६ ते २००८ मेलबर्नच्या रिंगवूड क्लबकडून तीन मोसम. २०११ मध्ये अमेरिकेत शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या डब्ल्यूएनबीएमधल्या, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या, तीन संघांनी तिची ट्रायल घेतली. कुणीच करारबद्ध केलं नाही. पुढे २०१४ चा अर्जुन पुरस्कार.

ग्रुपवरच्या माणसाचं म्हणणं, रेल्वेच्या उबेत बसली म्हणून अमेरिकेत कमी पडली. मला हे साफ अमान्य आहे. आपल्याकडे मुलीचा खेळ टीवायच्या परीक्षेबरोबर संपतो. युनिव्हर्सिटीची शेवटची मॅच झाली की घरातून विचारणा सुरू, आता पुढे काय? त्या प्रश्नाला बास्केटबॉलमध्ये एकच उत्तर आहे, ते म्हणजे रेल्वे. तो पगार नसता तर पंचविसाव्या वर्षी ट्रायलला जायला गीतू खेळत तरी असती का?

नागपाडा लेफ्टी

पगार खेळण्याचा मिळत नाही रे, रेल्वेच्या संघातून खेळण्याचा मिळतो. यात फरक आहे.

रेल्वेचा महिला संघ वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे जिंकत आलाय. देशातल्या चांगल्या मुली एकाच संघात, मग समोर उरतं कोण? आपल्या महाराष्ट्राची मुलगी रेल्वेत लागली की राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्धच उतरते. अशा मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला निकाल लागलेला असतो. त्यातून काय शिकणार?

आता गीतूकडे बघ. आशियात ती बास्केटखाली उभी राहायची, पाठ लावून चेंडू घ्यायची, वळून टाकायची. सहा-दोनला आपल्याकडे अडवणार कोण? अमेरिकेत सहा-दोनच्या मुली बाहेर थ्री पॉइंट लाइनवर खेळतात, ड्रिबल करत आत घुसतात आणि डिफेन्सला गार्डच्या मागे पळतात. तिथे तिला सेंटरची, म्हणजे बास्केटखालची, जागा मिळणं कठीण आणि फॉरवर्डचा, म्हणजे बाहेरून आत घुसायचा, खेळ इथे तिला कुणी करायलाच लावला नव्हता. दोष तिचा नाही. आपण तिला उंचीवर जिंकू दिलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

माटुंग्याचा पोस्ट

खेळाबद्दल म्हणतोयस ते पटतं. पण २०११ मध्ये त्या लीगमध्ये १२ संघ होते आणि संघात जास्तीत जास्त ११ जणी. म्हणजे जगभरातून १३२ जागा, त्यातल्या बहुतेक अमेरिकेतल्या कॉलेजांतून भरलेल्या. तिथे नाही लागली म्हणून "कमी पडली"? आपल्या वरळीच्या डोममध्ये २०१९ ला इंडियाना आणि सॅक्रामेंटो हे एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगचे, संघ खेळून गेले, तेव्हापासून इथे सगळ्यांना करिअर म्हणजे एनबीए एवढंच सुचतं. २०१३ ला बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय मुली पाचव्या आल्या, त्या संघात गीतू होती. त्याची आठवण कुणी काढत नाही.

डोंबिवलीची आई

नमस्कार. मी खेळाडू नाही, पण मुलगी बारावीला आहे, राज्याकडून खेळलीये. तुमचा वाद वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या घरी सध्या हाच विषय चाललाय. तिचे बाबा म्हणतात, अठरा पूर्ण झाली की रेल्वेची स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात बघायची. कोच म्हणतात, व्हिडिओ बनवून अमेरिकेतल्या कॉलेजांना पाठवा. मुलगी म्हणते, आधी बारावी होऊ दे. क्रीडागुणांपलीकडे मला यातलं काही कळत नाही. कृपया भांडणातून वेळ काढून सांगा.

शिकागोचा फॅन, मुलुंड

ताई, भांडण चालू ठेवूनच सांगतो.

या लोकांनी चुकीचं नाव धरलंय. तुलना करायचीच तर लॉरेन जॅक्सनशी करा. ऑस्ट्रेलियाच्या ऑलबरी गावची. आईवडील दोघंही देशाकडून बास्केटबॉल खेळलेले, म्हणजे घरातून ओढा होताच. पण महत्त्वाचं पुढे आहे. कॅनबेराच्या सरकारी क्रीडा संस्थेचा संघ तिथल्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरायचा. शाळकरी वयाच्या मुली आणि समोर मुरलेल्या बायका! दर आठवड्याला मार खा, पुढच्या आठवड्यात परत उभ्या राहा. १९९८-९९ ला त्याच पोरींनी लीग जिंकली, त्यात जॅक्सन होती. एकोणिसाव्या वर्षी सिडनी ऑलिंपिकचं रौप्य, २००१ ला डब्ल्यूएनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सिॲटलने पहिल्या क्रमांकावर उचलली, पुढे तीनदा त्या लीगची सर्वोत्तम खेळाडू. गुडघ्याने दगा दिला म्हणून २०१६ ला थांबली. २०२२ ला एकेचाळिसाव्या वर्षी परत आली आणि विश्वचषकाच्या कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाला ३० पॉइंट मारले. पॅरिसला त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कांस्य.

मुद्दा नोकरीचा नाहीच. सोळा ते वीस या वयात मुलीला वर्षाला किती चुरशीच्या मॅच मिळतात, हा आहे. गीतू रिंगवूडला गेली ती विशीत आणि ती लीगही राज्य पातळीवरची. तोपर्यंत हाताला लागायच्या त्या सवयी लागून गेलेल्या असतात.

नागपाडा लेफ्टी

हेच मी म्हणतोय, फक्त तू ऑलबरीहून फिरवून आणलंस. नागपाड्यात बच्चूखान मैदानावर मोठ्या पोरांत घुसून खेळल्याशिवाय कुणी तयार झालेलं नाही. मुलींना ती सोयही नाही. सात वाजले की घरी.

वेस्टर्न लाइनची ताई

इथे रेल्वेवर बोलणाऱ्यांपैकी रेल्वेत किती जण होते?

मी होते. उंची पाच-दहा, पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, भारताच्या कॅम्पपर्यंत गेले, पुढे नाही. सकाळी सराव, मग टीसीचा कोट चढवून दादरच्या पुलावर. कॅम्प असला की ड्युटीतून सूट. साहेब चांगला असला तर कागद लगेच निघतो, नसला तर सही होईपर्यंत कॅम्प सुरू झालेला असतो. तेव्हा उबेत वगैरे कुणी नसतं.

पण माझं गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा ऑपरेशनचा एक रुपया बाबांना भरावा लागला नाही. वर्षभर कोर्टवर पाय ठेवला नाही, तरी पगार बंद झाला नाही. क्लबच्या करारावर असते तर त्याच आठवड्यात घरी बसले असते. लेफ्टीभाऊ, तुमचं मॅचबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. रेल्वेने जिंकायची सवय लावली, झगडायची नाही. पण बायकांच्या खेळात बाहेर तरी कुठे सोनं सांडलंय? डायना टोरासी, अमेरिकेची सगळ्यात मोठी खेळाडू. तिला रशियाच्या क्लबने २०१५ ला अमेरिकेतला मोसम न खेळता विश्रांती घ्यायचे पैसे दिले, कारण रशियातला पगार डब्ल्यूएनबीएच्या कितीतरी पट होता. अमेरिकेचीच ब्रिटनी ग्रायनर २०२२ ला मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, ती त्याच क्लबकडे खेळायला निघालेली. सुटली थेट डिसेंबरात. अमेरिकेतल्या कॉलेजातून केटलिन क्लार्कएवढं नाव २०२४ ला डब्ल्यूएनबीएमध्ये आलं, तर पहिल्या वर्षाचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर. जाहिरातींचे पैसे वेगळे, पण ते सगळ्यांच्या नशिबात नसतात.

शिकागोचा फॅन, मुलुंड

ताई, ७६ हजार डॉलर आपल्याला कमी वाटायला लागले म्हणजे कमालच!

वेस्टर्न लाइनची ताई

पोटापुरते आहेत हो. पण वर्षाला किती मुलींना? पेन्शन कोण देणार?

नागपाडा लेफ्टी

पेन्शनचा विचार करून विसाव्या वर्षी कुणी महान होत नाही.

वेस्टर्न लाइनची ताई

महान होण्याचा ठेका मुलींनीच घेतलाय का? तुम्ही काय करता पोटापाण्यासाठी?

नागपाडा लेफ्टी

बँकेत. हो, स्पोर्ट्स कोट्यातून. हसा.

माटुंग्याचा पोस्ट

हसलो. आता डोंबिवलीच्या ताईंना कुणीतरी उत्तर द्या.

शिकागोचा फॅन, मुलुंड

ताई, माझं मत कॉलेजच्या बाजूने. कविता अकुला, संजना रमेश या भारतीय मुली अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या कॉलेज संघांत स्कॉलरशिपवर खेळल्या आहेत, तेव्हा वाट आहे. डब्ल्यूएनबीए विसरा. चार वर्षं तगड्या मॅच आणि हातात डिग्री. रेल्वे त्यानंतरही आहेच.

वेस्टर्न लाइनची ताई

"आहेच" असं गृहीत धरू नका. जागा थोड्या निघतात, वयाची अट असते आणि स्पर्धेची पातळी आणि तुमचा क्रमांकही बघतात. परदेशातल्या कॉलेजच्या मॅच त्या हिशोबात धरतील का, हे आधी विचारून घ्या. मॅडम, मुलगी कुठल्या जागेवर खेळते? उंची किती?

डोंबिवलीची आई

पाच-आठ. कोच "टू" म्हणतात, म्हणजे शूटिंग गार्ड. डाव्या हाताने टाकता येत नाही म्हणून ओरडतात.

नागपाडा लेफ्टी

मग अमेरिका आणि रेल्वे दोन्ही राहू दे बाजूला. परीक्षा झाली की मैदानात मुलांच्या मॅचमध्ये उतरवा. आणि संध्याकाळी सातला घरी बोलावू नका.

डोंबिवलीची आई

सात नाही, साडेआठ. यावर तिच्या बाबांशी तुम्हीच बोला.