मदत हवी आहे: रोज खिशात राहील असा छोटा कॅमेरा, लेन्स २८ मिमी की ४०?

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यातली गोष्ट. आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. उजेड एका बाजूने येत होता, तिचा अर्धा चेहरा आणि दोन्ही हात तेवढे उजळलेले, मागची खोली पूर्ण अंधारात. माझा कॅमेरा कपाटात, बॅगेत. तो काढून, लेन्सची टोपी उघडेपर्यंत दोरा ओवून झाला असता, म्हणून फोन काढला. फोटो आला, स्पष्टही आला, पण फोनने मागची खोलीसुद्धा उजळून टाकली. भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय! मी जो अंधार बघून थांबले होते, तोच त्या फोटोत नाही. फोन एका क्लिकमध्ये कमीजास्त उजेडाच्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, हे माहीत आहे. ते टाळणारी अ‍ॅपही वापरून पाहिली, पण ती उघडून सेटिंग लावेपर्यंत तेवढाच उशीर होतो.

तर मला सतत जवळ बाळगता येईल असा कॅमेरा घ्यायचाय. सध्याचा एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यावरची १८-५५ मिमी झूम उत्तम आहे, तक्रार काहीच नाही. फक्त तो घरी राहतो. व्हिडिओ नको, लांबचे पक्षी नकोत. घरातली माणसं, रस्ता, जिने, खिडक्या, एवढंच.

सोनीच्या आरएक्स१०० मालिकेचा विचार करून सोडला. खिशात मावते, पण सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एक इंची, म्हणजे आणखी लहान आहे आणि मुख्य म्हणजे मला झूमच नकोय. झूम असली की मी जागची हलत नाही, रिंग फिरवत बसते. त्यामुळे आता तीनच उरलेत: रिको जीआर ३ (२८ मिमी), जीआर ३एक्स (४० मिमी) आणि फुजीफिल्मचा एक्स१०० सिक्स (३५ मिमी). आकडे अर्थातच फुलफ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबाने; आकडा लहान तेवढं चौकटीत जास्त मावतं. २०२५ मध्ये जीआर ४ आलाय, तोही २८च, म्हणून माझा मूळ प्रश्न तिथेही तसाच राहतो.

आकाराचा अंदाज कागदावर येईना म्हणून पुठ्ठ्याच्या दोन डब्या केल्या. एक जीआर ३च्या मापाची, १०९ × ६२ × ३३ मिमी, दुसरी एक्स१०० सिक्सच्या मापाची, १२८ × ७५ × ५५ मिमी. वजन जुळावं म्हणून आत वाळू भरली, २५७ आणि ५२१ ग्रॅम. चार-चार दिवस जॅकेटच्या खिशात घेऊन फिरले. लहान डबी तिसऱ्या दिवशी खिशात आहे हेच विसरले होते. मोठीमुळे जॅकेट एका बाजूला ओढलं जात होतं, आणि चौथ्या दिवशी मी ती आपसूक टेबलावर काढून ठेवली. मला वाटतं याचा अर्थ सरळ आहे.

पण इथेच अडलंय. मला चाळिशी लागलीय. जीआरला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, सगळं मागच्या स्क्रीनवर बघायचं, म्हणजे दर फोटोला आधी चष्मा शोधा. एक्स१०० सिक्सला व्ह्यूफाइंडर आहे आणि तो नजरेच्या नंबराप्रमाणे जुळवून घेता येतो. चाळिशीवाल्यांनी जीआर वापरलाय का? कसं जमवता?

दुसरं, २८ की ४०? जवळच्या माणसांचे फोटो जास्त काढते, पण घरातल्या खोल्या लहान आहेत.

आणि तिसरं, जीआरची लेन्स आत-बाहेर होते आणि बॉडी धुळीपासून सीलबंद नाही. खिशातल्या कापडाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून काय करता? एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो निघतात असं वाचलं, त्याची काळजी नाही, दुसरी बॅटरी घेईन.

प्रतिसाद १

ताई, मलाही चाळिशी आहे आणि चार वर्षं जीआर वापरतोय. स्नॅप फोकस नीट समजून घ्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा २ मीटर, आणि बटण एकदम पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. फोकस कुठे लागलाय हे स्क्रीनवर तपासायची गरजच उरत नाही, चौकट तेवढी बघायची, आणि ती चष्म्याशिवाय अंधुक दिसली तरी चालते.

पण यात २८ आणि ४० मध्ये मोठा फरक आहे. जीआर ३ ची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमीची. एफ/८ ला (लेन्सचं छिद्र लहान करून) फोकस २ मीटरवर ठेवला तर साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ३एक्स ची २६.१ मिमी, तिच्यावर एफ/८ ला साधारण १.४ ते ३.७ मीटर एवढाच पट्टा मिळतो. घरात, खिडकीच्या उजेडात तुम्ही एफ/२.८ वरच (छिद्र पूर्ण उघडं) असणार. तिथे ३एक्सवर जेमतेम १.७ ते २.४ मीटर. अंतराचा अंदाज डोळ्यांत बसवावा लागतो. बाहेर ऊन असताना स्क्रीन दिसत नाही ही अडचण मात्र खरी आहे. मी वरच्या शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेत) साधा ऑप्टिकल फाइंडर लावतो.

तंतूंसाठी मऊ कापडाची पिशवी वापरतो, आठवड्यातून एकदा उलटी करून झटकतो. आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवत नाही, रुमालसुद्धा नाही.

प्रतिसाद २

२८-४० चं उत्तर तुमच्याकडेच आहे. १८-५५ ची रिंग आधी १८ वर आणि मग २६ वर चिकटपट्टीने पक्की करा. तुमच्या कॅमेऱ्याचा क्रॉप दीडचा असेल (फुलफ्रेमच्या हिशोबासाठी दीडने गुणायचं) तर साधारण तेच २८ आणि ४०. आठवडाभर ती पट्टी काढायची नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी लावली. चार दिवस १८, चार दिवस २६.

१८ वर खोली छान आली, आई लहान. ती मोठी दिसावी म्हणून पुढे गेले की ती मान वर करून बघायची आणि हातातलं काम थांबायचं. २६ वर दारातूनच काम भागत होतं, तिला कळलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरात मात्र २६ ने हाल झाले, पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं चौकटीत मावेनात. तिथले फोटो मी फार काढत नाही, तेव्हा ते सोसेन.

जीआर ३एक्स घेतेय. पिशवी शिवायला घेतली आहे. चष्म्याचं जे सांगितलंत तेही करून पाहिलं: सध्याच्या कॅमेऱ्यावर मॅन्युअल फोकस २ मीटरवर ठेवून चष्म्याशिवाय फोटो काढले, बहुतेक नीट आले. चुकले ते सगळे अंतराचा अंदाज चुकल्यामुळे.

मग टेप घेऊन घरातली नेहमीची अंतरं मोजली. दारापासून आईच्या खुर्चीपर्यंत १.९ मीटर.