जुना खंबाटकी चढताना एस्टीम तापते, आठ हजारांत काय काय होईल? (कोइमतूरला रेस बघायला हीच न्यायची आहे)

पायथ्याचा_सातारकर
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची एस्टीम, पेट्रोल, १ लाख ३८ हजार झालंय. बाबांनी एसटीतून रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली आणि अजून रोज सकाळी तेच पुसतात. मी पुण्याला नोकरीला, दर शनिवारी साताऱ्याला घरी. पुण्याला जाताना बोगद्यातून निघून जातो, काही त्रास नाही. येताना खंबाटकीचा चढ लागला की काटा निम्म्याच्या वर सरकतो. पुढं ट्रक असेल आणि एसी चालू असेल तर पाऊण भाग ओलांडतो. एसी बंद करून हीटर फुल्ल लावला की उतरतो. वेळे-सुरूर सोडून सपाटीला ८० ने पळवली की नॉर्मल. महिन्याला अर्धा लिटर पाणी कमी होतं, पण गाडीखाली ठिपका नाही.

एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यातलं सील) गेलंय, १८ हजार. दुसरा म्हणतो रेडिएटर नवा टाका. माझ्याकडे आठ हजार आहेत, त्याच्या वर जायचं नाही.

घाई एवढ्यासाठी की बाबांना घेऊन कोइमतूरच्या करी स्पीडवेवर राष्ट्रीय स्पर्धेची रेस बघायला जायचंय. टूरिंग कारच्या (म्हणजे रस्त्यावरच्याच मॉडेलच्या, रेससाठी बदललेल्या गाड्यांच्या) रेसमध्ये एस्टीम पळायच्या, तर एस्टीमनेच जायचं असं बाबांच्या मनात आहे. एका बाजूचे अकराशे किलोमीटर होतील. सल्ला द्या.

कोरेगावकर_सीएनजी
भावा, वीस वर्षांच्या गाडीत आठ हजार कशाला घालतोस? विकून टाक. मी २०२२ ला बलेनो सीएनजी घेतली, आजपर्यंत सर्व्हिसिंग सोडून बॉनेट उघडलेलं नाही. हप्ता बसतो, पण डोक्याला ताप नाही.

कृष्णाकाठ_कराड
हेड गॅस्केटच असणार. माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं होतं. पसरणी घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, म्हटलं पाचगणी पाच किलोमीटरवर आली, जाऊ तसंच. हेड वाकलं. फेसिंग, गॅस्केट, व्हॉल्व्हचं काम धरून २७ हजार गेले आणि गाडी महिनाभर गॅरेजात. तुम्ही ऑइलचं झाकण काढून आतून बघा, साईसारखा पांढरा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये चाललंय. आणि काटा चढला की थांबायचं, मग कुणी कितीही हॉर्न मारू दे.

विश्रामबाग_सांगली
इतका विचार कशाला? थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवतो तो) काढून फेका आणि पंखा डायरेक्ट करा. चावी फिरवली की पंखा चालू. माझ्या तिन्ही गाड्यांना हेच केलंय. सांगलीच्या उन्हाळ्यात कशाला लागतो थर्मोस्टॅट? तो थंड मुलखासाठी असतो. खर्च दोनशे रुपये.

मिरजेची_वैशाली
व्हॉल्व्ह काढायला कृपया सांगू नका. माझ्या वडिलांचं मिरजेत रेडिएटरचं दुकान होतं, मी शाळेतून आल्यावर तिथंच बसायचे. असं कुणाचं तरी ऐकून व्हॉल्व्ह काढलेल्या गाड्या रोज यायच्या. व्हॉल्व्ह नसला की इंजिन हायवेला पुरेसं गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. आणि ज्या कारणानं गाडी तापत होती ते कारण तसंच राहतं.

सातारकर दादा, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं उत्तर त्यातच आहे. रेडिएटर आतून चोंदला किंवा पंप कमजोर झाला तर गाडी सपाटीला वेगातही तापते, कारण तिथं इंजिन सतत जोर लावत असतं. तुमची ८० ला शांत होते. चढाला, कमी वेगात, एसी लावल्यावर तापते, म्हणजे रेडिएटरला हवा कमी पडतेय. आधी हवेचा रस्ता आणि पंखा बघा.

अर्धा लिटर पाणी जातं त्यासाठी रेडिएटरची कॅप बघा. तिच्यावर बहुतेक ०.९ लिहिलेलं असेल. तेवढा दाब धरला तर पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक होऊन दाब सुटला तर साताऱ्याच्या उंचीवर ९७-९८ लाच उकळी फुटते, आणि पाणी रेडिएटरच्या जोडीच्या बाटलीत जाऊन वाफेनं उडून जातं. खाली ठिपका दिसणारच नाही.

गॅस्केटची खात्री फुकटात होते. सकाळी गाडी पूर्ण गार असताना कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, चालू करा. एकसारखे बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट. दोन-चार येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. गरम गाडीची कॅप मात्र कधीही उघडू नका, वडिलांच्या उजव्या हातावर शेवटपर्यंत तो डाग होता.

कोरेगावकर_सीएनजी
एवढे सगळे उद्योग करण्यापेक्षा एक्स्चेंज बोनस बघा. सणाला चांगला मिळतो.

दोन_लिटर
रेसचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी २००९ पासून ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचा एकही सीझन सोडलेला नाही. रविवारी तीन रेस असतात, आपल्याकडं दुपारपासून रात्रीपर्यंत चालतात, त्या दिवशी मी कुणाच्या लग्नालाही जात नाही. २०२५ चं अजिंक्यपद टॉम इंग्रॅमने ह्युंदाई आय३० एन मध्ये घेतलं, २०२२ नंतरचं त्याचं दुसरं. २०२४ ला जेक हिल बीएमडब्ल्यूत जिंकला होता.

तुमच्या दुखण्याचं उत्तर तिथंच दिसतं. टूरिंग कार पुढच्याच्या बंपरला चिकटून पळते तेव्हा तिला ताजा वारा मिळत नाही, पुढच्या गाडीनं तापवलेली हवा मिळते. दोन-तीन लॅपनंतर पाण्याचं तापमान चढतं. मग ड्रायव्हर सरळ रस्त्यावर गाडी अर्धी बाहेर काढतो, रेडिएटरला वारा लागू देतो आणि पुन्हा आत घेतो. तुम्ही खंबाटकीत ट्रकच्या मागं नेमके तसेच अडकलेले असता. अंतर ठेवा.

बॅक_मार्कर_वाई
इंग्रॅमचं कौतुक ठीक आहे, पण खरा राजा कॉलिन टर्किंग्टन. २००९, २०१४, २०१८, २०१९. चारही बीएमडब्ल्यूत, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत.

दोन_लिटर
चार तर ॲश सटनचेही आहेत. २०१७ सुबारू, २०२० आणि २०२१ इन्फिनिटी, २०२३ फोर्ड फोकस. पहिल्या तीन मागच्या चाकांवरच्या आणि चौथी पुढच्या. दोन्हीकडून जिंकून दाखवणं जास्त अवघड. आणि अँडी राऊजचेही चार आहेत, त्याला का विसरायचं?

बॅक_मार्कर_वाई
राऊजच्या काळात इंजिनच्या आकाराच्या वर्गवारीनुसार गुण होते, ती तुलना होत नाही.

विश्रामबाग_सांगली
मूळ प्रश्न बाजूला राहिला. व्हॉल्व्ह काढलात का? पुन्हा सांगतो, रेसच्या गाड्यांनाही कित्येकदा थर्मोस्टॅट नसतो.

दोन_लिटर
साहेब, रेसची गाडी वीस मिनिटं फुल्ल थ्रॉटल पळते आणि तिचं इंजिन वेळोवेळी खोलून बघतात. यांना पुणे-सातारा करायचंय.

उसाचा_पट्टा_इस्लामपूर
पाच वर्षं झाली, आमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात हाच आजार सगळ्या गाड्यांना होतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागनं जाताना पाचटाचा भुसा उडून जाळीतनं आत जातो. एसीचं कंडेन्सर पुढं, रेडिएटर मागं, मधी दोन बोटांची फट. समोरनं बघितलं की कंडेन्सर स्वच्छ दिसतं, म्हणून कुणी आत बघतच नाही. सगळा कचरा त्या फटीत गच्च बसलेला असतो. मी स्वतः रेडिएटर बदलून बसलो, ९ हजार घालवले, आणि जुना खाली काढल्यावर दिसलं की त्याला काही झालंच नव्हतं.

वरची पट्टी सोडून रेडिएटर थोडा मागं झुकवायचा आणि टॉर्चनं बघायचं. इंजिनाच्या बाजूनं पाणी मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं बाहेर जातो. साधा बागेचा पाइप. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मारू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या झोपतात आणि मग हवा कायमची बंद.

मिरजेची_वैशाली
इस्लामपूरकरांनी सांगितलं ते सगळ्यात आधी करा. आणि रेडिएटर खोलून सळई मारून देतो असं कुणी म्हणालं तर आधी तो कशाचा आहे ते बघा. तांब्या-पितळेचा असेल तर टाकी सोडवून साफ करून पुन्हा डाग देता येतो. ॲल्युमिनियमचा आणि वर प्लास्टिकची टाकी असेल तर कडेच्या पाकळ्या एकदा उघडल्या की पहिल्यासारख्या बसत नाहीत, चार महिन्यांत तिथूनच पाझर लागतो.

कृष्णाकाठ_कराड
मी म्हणतो तसं गॅस्केटही तपासा. २७ हजार गेले माझे.

पायथ्याचा_सातारकर
मंडळी, शनिवार-रविवार घरी होतो, सगळं केलं. सविस्तर लिहितो.

सकाळी बुडबुड्यांची टेस्ट. तीन-चार आले आणि थांबले. ऑइलच्या झाकणाखाली काही नाही. म्हणजे गॅस्केट ठीक.

मग बाबांनी वरची पट्टी सोडली, रेडिएटर मागं झुकवला, मी टॉर्च धरला. दोघंही गप्प झालो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये बोटभर जाड नमदा बसला होता. पाचट, धूळ, पाकोळ्यांचे पंख, आणि एका कोपऱ्यात संक्रांतीच्या पतंगाचा गुलाबी कागद चक्क घडी घातल्यासारखा. खालचा अर्धा भाग पूर्ण बंद. पाइपनं पाणी मारलं तर पहिली वीस मिनिटं नुसता चहा वाहत होता.

दुसरं म्हणजे एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरत नव्हता. बाबांनी इंजिन बंद करून पातं हातानं थोडं सरकवलं, परत चालू केलं, तर फिरायला लागला. गोडोलीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेला. मोटरचे कार्बन झिजले होते. ४५० रुपये.

तिसरी गोष्ट विश्रामबागच्या दादांसाठी. थर्मोस्टॅट तपासायला घर उघडलं तर आत व्हॉल्व्हच नाही. पूर्वी पुण्यात एका गॅरेजात पाण्याचं काम झालं होतं, तेव्हाच काढला असणार. म्हणजे इतकी वर्षं गाडी व्हॉल्व्हशिवायच तापत होती. नवीन आणला. बसवण्याआधी आईच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला, दूध तापवायचा थर्मामीटर लावला. ८० पार झाल्यावर हळूहळू तोंड उघडलं. ते बघायला शेजारचे काकाही आले होते.

कॅपचं रबर नखानं दाबलं तर प्लास्टिकसारखं कडक. नवीन टाकली. बोअरचं पाणी काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. मजुरी धरून एकूण ३,१५०.

आज मुद्दाम दुपारी दोनला पुण्याहून निघालो, खंबाटकीत एसी चालू, पुढं सिमेंटचा ट्रेलर. काटा निम्म्याच्या खाली चिकटून राहिला.

उसाचा_पट्टा_इस्लामपूर
लई भारी वाटलं वाचून. आता दर दिवाळीआधी आणि हंगाम संपल्यावर एकदा पाणी मारत जा.

विश्रामबाग_सांगली
ठीक आहे, तुमच्या गाडीचं कारण वेगळं निघालं. माझ्या तिन्ही गाड्या मात्र व्यवस्थित चालल्यात.

मिरजेची_वैशाली
खूप आनंद झाला. उरलेल्या पैशांत आता टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) बघा. अकराशे किलोमीटर जायचंय आणि तितकंच परत यायचंय. शेवटचा कधी बदलला होता?

बॅक_मार्कर_वाई
बेल्टला अनुमोदन. आणि कोइमतूरला जाताय तर ट्रॅकबद्दल एवढं माहीत असू द्या. करी हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून. फॉर्म्युला मारुती गाड्या त्यांनीच बनवल्या, आपल्याकडचे कितीतरी ड्रायव्हर त्यातच शिकले. १९९५ ला विमान अपघातात गेले. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, त्यामुळं गाड्या सारख्या समोरून जातात, बाबांना बसल्या जागी भरपूर बघायला मिळेल. चेन्नईचा मोठा आहे पण तिथं गाडी गेली की बराच वेळ वाट बघावी लागते.

दोन_लिटर
वाईकरांशी या एका बाबतीत सहमत. पुढच्या चाकांवरच्या गाड्या वळणावर आतलं मागचं चाक उचलतात, ते बघायला वळणाच्या आतल्या बाजूला जागा धरा. वाटेत कोल्हापूरजवळ मोहितेंचा कार्टिंग ट्रॅकही आहे. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अमिओ कपमध्ये (सगळ्यांना एकसारख्या अमिओ गाड्या असलेली रेस) पळायचा, आपल्याच भागातला पोरगा.

कृष्णाकाठ_कराड
माझं ऐका, घाट चढली म्हणजे गाडी नवी झाली नाही. एवढ्या लांब वयस्कर माणसाला घेऊन जुनी गाडी नको. रेल्वेनं जा.

कोरेगावकर_सीएनजी
नाहीतर माझ्यासारखी बलेनो घ्या आणि बिनधास्त जा.

पायथ्याचा_सातारकर
सगळ्यांचे आभार. वैशालीताई, बेल्ट १ लाख ५ हजारला बदललाय, बिल आहे. ३३ हजारच झालेत त्यावर.

एस्टीमनेच जाणार हे बाबांचं आणि माझं ठरलंय. उरलेल्या पैशांत त्यांच्या बाजूची सीट नव्यानं भरून घेतोय. एसटीत एकतीस वर्षं काढून त्यांच्या कमरेत गॅप आहे, आणि ती सीट मधोमध खचली आहे. पोवई नाक्याजवळच्या कुशनवाल्याला कालच आगाऊ पैसे दिले.

मिरजेची_वैशाली
दादा, बिलावर किलोमीटर नका बघू, वर्ष बघा. बेल्ट रबराचा असतो, उभ्या गाडीतही सुकतो.

पायथ्याचा_सातारकर
आत्ताच बघितलं. २०१८ चं आहे.

कुशनवाला शुक्रवारी सीट देतोय, त्याला आता नाही म्हणत नाही. बेल्टसाठी पुढच्या पगारापर्यंत थांबतो. तोवर पुण्याच्या फेऱ्या एसटीनं करेन, गाडी दारात राहील. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, चालेल, तेवढ्यात मी पॉलिश करून घेतो.