वास्तुशांतीला सव्वाशे पाहुणे, घरचाच स्वयंपाक आणि दहा हजारांची मर्यादा

प्रश्न : फुलेवाडीची रहिवासी

नमस्कार. माघ महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्या फुलेवाडीतील नव्या घराची वास्तुशांती आहे. घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाल्यामुळे केटररला काम देणे आम्हाला परवडणारे नाही, आणि सासूबाईंचीही मनापासून इच्छा आहे की नव्या घरातले पहिले जेवण घरच्याच हाताने शिजावे. साधारण १२० माणसे येतील. त्यांतील निम्म्याहून अधिक मंडळी राधानगरी आणि गारगोटीकडची आहेत, म्हणजे पोटभर जेवणारी आहेत, आणि त्यांना कमी पडले तर ते मला आयुष्यभर लागून राहील. किराणा, भाजी, गॅस, पत्रावळी आणि भाड्याची भांडी असे सगळे धरून आम्ही १०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. मदतीला मी, सासूबाई, दोन जावा आणि शेजारच्या दोन बायका असू. मी स्वतः आजवर वीस माणसांच्या वर स्वयंपाक केलेला नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पानात काय काय असावे आणि त्याचे प्रमाण किती धरावे? दुसरे म्हणजे, चपाती ठेवावी की नाही? सासूबाईंच्या मते चपातीशिवाय पान वाढणे बरे दिसत नाही. मला मात्र सव्वाशे माणसांच्या चपात्या कोण लाटणार, हीच काळजी आहे.

उत्तर : शिवाजी पेठेतल्या काकू

ताई, सर्वप्रथम नव्या घराबद्दल तुमचे अभिनंदन. आमच्या गल्लीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक मी बरीच वर्षे केला आहे, म्हणून आधी चपातीविषयी सांगते. माणशी तीन धरल्या तरी ३६० चपात्या होतात. सराईत बाई तासाला साठ चपात्या लाटून भाजते, म्हणजे एकटीचे सहा तास त्यातच जातात; शिवाय एक किलो पिठाच्या जेमतेम पस्तीस चपात्या होत असल्याने दहा किलोंच्या वर कणीक मळावी लागते. तुमच्या सहा जणींपैकी तिघी पहाटेपासून पोळपाटाला बांधल्या जातील, आणि इतके करूनही शेवटच्या पंगतीला चपात्या वातड मिळतील. सासूबाईंना हा हिशेब मांडून दाखवा. देवाच्या नैवेद्यापुरत्या आणि वडीलधाऱ्यांपुरत्या वीस-पंचवीस चपात्या त्यांच्या हातून होऊ द्यात, म्हणजे त्यांचेही मन राहील.

पानात भात, तुरीच्या डाळीची आमटी, वांगी-बटाट्याची भाजी, गव्हाची खीर, मुळ्याची किंवा गाजराची कोशिंबीर आणि ताक एवढे असले की आपल्या भागातले भरलेले पान होते. १२० माणसांना तांदूळ १४ किलो, तूरडाळ ४ किलो, वांगी ८ किलो, बटाटे ५ किलो, कोशिंबिरीला भाजी ५ किलो आणि दही ६ किलो पुरते. एक किलो दह्याचे बेताचे दाट असे चार लिटर ताक होते, म्हणजे माणशी एक पेला मिळतो. भाजीला एक किलो शेंगदाण्याचे कूट घाला. त्याने रस्सा मिळून येतो आणि सुक्या खोबऱ्याचा खर्च निम्म्यावर येतो. धान्य लक्ष्मीपुरीत घ्या आणि भाजी आदल्या दिवशी सकाळी कपिलतीर्थ मंडईतून आणा. माघात वांगी स्वस्त आणि कोवळी असतात, त्यामुळे हा बेत त्या दिवसांना साजेसा आहे. वांगी मात्र आदल्या रात्री चिरून ठेवू नका, ती काळी पडतात. सकाळी चिरून मिठाच्या पाण्यात टाका.

खिरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथेच नवखी बाई फसते. गहू साडेचार किलो आणि गूळ पाच किलो घ्या. खपली गव्हाची खीर सर्वांत चांगली लागते, पण खपली महाग पडते. तुमच्या मर्यादेत साध्या गव्हाचा जाडसर दलिया घेतला तरी पाहुणे वाटी पुसून खातील. कांडून कोंडा काढलेला अख्खा गहू घेणार असाल तर तो आदल्या रात्री भिजत घालायलाच हवा. गहू बोटाने दाबल्यावर पूर्ण चेपला गेल्याशिवाय त्यात गूळ घालू नका. गूळ आधी पडला की गहू पुढे शिजत नाही, आणि मग तासभर जाळ केला तरी तो दाताखाली कचकच लागतो. तसेच गूळ घातलेल्या उकळत्या खिरीत दूध ओतू नका, ते फाटते. सात-आठ नारळांचे दूध काढून शेवटी घाला, अथवा गाईचे किंवा म्हशीचे दूध वेगळे तापवून वाढताना वाटीत वरून घाला. सुंठ आणि जायफळ पुरे आहे. वेलदोडा आणि काजू नसले तरी काही बिघडत नाही.

आणखी एक. आपली नेहमीची कोल्हापुरी चटणी म्हणजे कांदा-लसणाची, त्यामुळे ती नैवेद्याच्या आमटीला चालणार नाही. त्या दिवशीच्या आमटीला काळा मसाला, चिंच आणि गूळ वापरा, म्हणजे नैवेद्याची आमटी वेगळी करण्याचा व्याप वाचेल.

उत्तर : शिरोळचा शिक्षक

काकूंनी पदार्थ अचूक सुचवले आहेत. मी मोठ्या पातेल्यांविषयी लिहितो, कारण ते मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिकावे लागले. शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले होते, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, भाजी येत नव्हती, आणि आमच्या शाळेच्या वर्गांमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांना आम्ही शिक्षक दोन वेळा शिजवून वाढत होतो. पहिल्या दिवशी घरच्या प्रमाणाला साठने गुणून मी भात आणि आमटी केली. भाताचा खाली गोळा झाला आणि वर तो कच्चा राहिला. आमटी इतकी पातळ आणि इतकी खारट झाली की मुलांना ती खाववेना. भुकेल्या मुलांसमोर तसे पान ठेवावे लागले याचे दुःख मला अजून आहे.

चूक अशी होती की मोठ्या पातेल्यात सगळे त्याच पटीत वाढत नाही. पातेले मोठे झाले की आतील पदार्थाच्या मानाने वरचा उघडा भाग कमी होतो, त्यामुळे पाण्याची वाफही त्या मानाने कमी होते. म्हणून आमटीला हिशेबाने येणारे सगळे पाणी एकदम घालू नये. पाऊण घालावे आणि उरलेले पाणी शेजारी उकळत ठेवून लागेल तसे मिसळावे. मीठ आणि तिखट दोन-तृतीयांश घालून पंधरा मिनिटे उकळू द्यावे, आणि मगच चव पाहून वाढवावे. फोडणीचेही तसेच आहे. एरवी कांद्याची भाजी करताना तीन किलो कांदा एकदम तेलात टाकला की त्याला पाणी सुटते, आणि तो परतला जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतो. तो तीन घाण्यांत परतावा.

डाळ शिजण्यापूर्वी चिंच, आमसूल किंवा टोमॅटो त्यात पडू देऊ नका. आंबटपणामुळे डाळीतील पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळेही तसेच होते. आमच्याकडे तो त्रास फार आहे. तुमच्याकडे नळाचे पाणी असेल तर डाळीसाठी तेच राखून ठेवा, डाळ दोन तास भिजवा आणि हळद-तेल घालून शिजवा. गॅस बराच वाचतो.

भाताची रीत मी पूर्ण बदलली. चौदा किलो तांदूळ एका पातेल्यात कधीही शिजवू नका, कारण वरच्या भाताच्या वजनाने खालचा भात चेंगरतो. पाच-पाच किलोंचे तीन घाणे करा आणि प्रत्येक पंगतीच्या अर्धा तास आधी एक घाणा लावा. एका घाण्याला वीस लिटर पाणी खळखळून उकळवा, त्यात धुतलेला तांदूळ सोडा, आणि दाण्यात बारीक कणी उरली की तो झाऱ्याने काढून, स्वच्छ धोतर अंथरलेल्या बुट्टीत (टोपलीत) घालून वर कापड झाका. उरलेली कणी वाफेवर शिजते आणि भात मोकळा राहतो. पातेले उचलून पाणी ओतण्याचा प्रयत्न मात्र कृपा करून कोणी करू नये. त्या पाण्याने माणूस गंभीर भाजतो. मागे राहिलेली पेज टाकून देऊ नका. ती आमटीत घातली की आमटीला दाटपणा येतो आणि अर्धा किलो डाळ वाचते.

आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसाठी अख्खा मसूर करा. माणशी पन्नास ग्रॅम मसूर धरावा, तो तासभर भिजवला तरी चालतो, कुकरशिवाय शिजतो, आणि तिथे तुमची कांदा-लसणाची चटणी मनसोक्त वापरता येईल. धार्मिक कार्याच्या दिवशी मसूर अनेक घरांत चालत नाही, म्हणून तो आदल्या रात्रीच उरकावा.

उत्तर : आजरेकर

मला एका मुद्द्यावर काकूंपेक्षा वेगळे वाटते. घाटाकडच्या वयस्कर माणसांना केवळ भातावर जेवल्याचे समाधान होत नाही, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांतील अनेक जण भात आणि खीर हे दोन्ही टाळतात. त्यांच्या पानात मग भाजी, आमटी, कोशिंबीर आणि ताकच उरते. म्हणून ज्वारीच्या दीडशे भाकरी बाहेरून करून घ्याव्यात असे माझे मत आहे. आपल्याकडे बऱ्याच भागांत बचत गटाच्या महिला भाकरी करून देतात. चार दिवस आधी सांगून ठेवले आणि पीठ आपण पुरवले तर खर्च आवाक्यात राहतो. प्रत्येकाच्या पानात अर्धी भाकरी वाढावी आणि मागेल त्याला पुन्हा द्यावी. भाकरी चपातीसारखी वातड होत नाही आणि गार झाली तरी रश्श्यात कुस्करून खाता येते.

तांदळाबद्दलही एक सुचवतो. मी आजऱ्याचा असल्याने आमचा घनसाळ मला प्रिय आहे आणि त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, परंतु तो सव्वाशे माणसांच्या भातासाठी नव्हे. नैवेद्याच्या मुदीपुरता अर्धा किलो घ्या. पंगतीला एक वर्ष जुना जाडसर तांदूळच घ्या. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो आणि चिकट होत नाही.

उत्तर : कसबा बावड्यातील परिचारिका

वरील सर्वांनी चवीचे आणि खर्चाचे सांगितले आहे. मी एका गोष्टीविषयी कळकळीने लिहिते. आमच्याच नात्यातील एका बारशात पहाटेची धावपळ नको म्हणून भात रात्री शिजवून, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो गरम करून वाढला आणि संध्याकाळपर्यंत अकरा जणांना उलट्या सुरू झाल्या. त्यांत दोन लहान मुले होती. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारे ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. मोठे पातेले मध्यभागी कित्येक तास कोमटच राहते, म्हणून तिथे धोका घरच्या कुकरपेक्षा फार जास्त असतो.

त्यामुळे आदल्या दिवशी फक्त निवडणे, दळणे, भिजवणे आणि मसाला वाटणे एवढेच करावे. वाटलेले ओले खोबरे फ्रीजमध्ये जाईल एवढेच वाटावे. आमटी आणि भाजी शेवटच्या पंगतीपर्यंत मंद आचेवर वाफाळती राहू द्यावी. उरलेला भात वाटायचा असेल तर तो लगेच परातींमध्ये पातळ पसरून गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये तरी ठेवावा किंवा कोणाच्या तरी पानात तरी जावा. पिण्याचे पाणी आणि ताक यांसाठी वेगळा माणूस नेमावा, आणि ताकात बाहेरून आणलेला बर्फ घालू नये.

फुलेवाडीची रहिवासी

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. परवा वास्तुशांती पार पडली. पुढे कोणाला असाच प्रसंग आला तर उपयोग व्हावा म्हणून प्रत्यक्षात काय घडले ते लिहिते.

पाने १३१ उठली. सासूबाईंनी नैवेद्याच्या आणि थोरामोठ्यांच्या पंचवीस चपात्या केल्या, बाकीच्यांना भाकरी वाढली. दीडशे भाकरींपैकी नऊ उरल्या. भाताचे पहिले दोन घाणे पाच-पाच किलोंचे केले, आणि तिसऱ्या पंगतीची माणसे मोजून अडीच किलोच तांदूळ टाकला, त्यामुळे दीड किलो तांदूळ कोरडाच घरात राहिला. एकदम शिजवला असता तर तो वाया गेला असता. एकूण खर्च ९,४५० रुपये झाला, त्यात भाकरी आणि भांड्यांचे भाडेही आले.

खीर मात्र कमी पडली. राधानगरीच्या मंडळींनी ती आग्रहाशिवाय दोन-दोनदा घेतली आणि शेवटच्या पंगतीला अर्धी-अर्धी वाटीच वाढता आली, याचे मला वाईट वाटले. आमच्यासारखे पाहुणे असतील तर सहा किलो दलिया आणि साडेसहा किलो गूळ धरावा. दुसरी अडचण अनपेक्षित होती. भाड्याची मोठी शेगडी आम्ही गच्चीवर मांडली होती आणि सकाळच्या वाऱ्याने जाळ एका बाजूला वळत असल्यामुळे डाळ शिजायला पाऊण तास जास्त लागला. अखेर जुन्या पत्र्यांचा तीन बाजूंनी आडोसा केला तेव्हा आमटीला उकळी आली, आणि पहिली पंगत साडेबाराऐवजी सव्वा वाजता बसली.