मदत हवी आहे: इंधनकर आणि कमी उत्पन्नाचे वाहनचालक

इंधनावरचा कर वाढवणं कमी उत्पन्नाच्या वाहनचालकांवर अन्याय आहे का, यावर टिपण लिहितेय आणि एका जागी अडकलेय.

लिटरमागे कर सगळ्यांना सारखाच, म्हणून कमी कमावणाऱ्याच्या मिळकतीतला मोठा वाटा जातो, हे उघड आहे. पण अगदी गरीब घरांत बहुधा गाडीच नसते. त्यामुळे फक्त गाडीवाले मोजले तर कर जाचक दिसतो, सगळी घरं मोजली तर तितका नाही. मिळकतीऐवजी वर्षाचा घरखर्च धरला की चित्र आणखी सौम्य होतं.

कराचा पैसा परत देण्याबद्दलही वाचलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर (इंधन जाळल्याने होणाऱ्या प्रदूषणावरचा कर) लावताना कमी उत्पन्नवाल्यांना त्यातून परतावा दिला. उलट फ्रान्सने २०१८ मध्ये इंधनकराविरुद्ध उठलेल्या पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनापुढे त्या कराची नियोजित वाढच सोडून दिली.

'इलेक्ट्रिक गाडी घ्या' हे उत्तर कृपया नको. ती परवडली असती तर प्रश्नच नव्हता.

माझी अडचण अशी: सगळ्यांना सारखाच, सरसकट परतावा मिळूनही, बस नसलेल्या भागातून रोज लांब कामावर जाणारा तोट्यातच राहतो. अंतरानुसार परतावा दिला तर जास्त गाडी चालवण्याला बक्षीस दिल्यासारखं होतं. मग त्याची भरपाई नेमकी कोणत्या निकषावर करायची?