उठल्यावर अंधारी, पण बीपी नॉर्मल: हे कसं?

खडीसाखर:
सत्तरीतला, मधुमेह असलेला माणूस पहाटे लघवीला उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्चीत बसवून बीपी पाहिलं तर १३४/८०. मग उठतानाच नेमकं काय बिघडतं? घरच्या मशीनवर ते सापडेल का?

आडवाट:
बसून मोजलं तर निसटणारच. उभं राहिलं की साधारण अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त रक्त पोट-पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, दाब पडतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फुगवट्यात आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ताण घटला की त्यांचे संदेश विरळ होतात, आणि तेवढ्यावरून लंबमज्जेला (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाला) कळतं. ती व्हेगसचा (हृदयाचा वेग आवरणाऱ्या नसेचा) लगाम सैल सोडते, सिंपथेटिक (वेग वाढवणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या) नसांना कामाला लावते. नाडी १०-२० ने वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. सगळं काही सेकंदांत.

(लगाम उगाच म्हटलं नाही. हृदयाचा स्वतःचा वेग मिनिटाला १०० च्या आसपास असतो. व्हेगस तो ७० वर आणते. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून त्याची नाडी बसल्या बसल्याही ९०-१०० असते.)

जुन्या मधुमेहात या बारीक नसाच झिजतात. निरोप लंबमज्जेपर्यंत पोचला तरी रक्तवाहिन्या आवळत नाहीत.

तिरफळ:
मोजायचं असं: ५ मिनिटं सपाट झोपवून बीपी आणि नाडी लिहा. उभं करून १ल्या आणि ३ऱ्या मिनिटाला पुन्हा. शेजारी कोणीतरी हवंच. गरगरलं की लगेच बसवा. उभं असताना हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. लोंबकळत्या हाताचं रीडिंग जास्त येतं आणि घसरण लपते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर उठल्यावर बीपी पडण्याचं (ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन) निदान पक्कं. मग नाडी बघा. वरचा ३० ने पडूनही नाडी जेमतेम ५ ने वाढली तर दोष नसांचा. २५ ने वाढली तर नसा शाबूत; जुलाब, कमी पाणी किंवा लघवी वाढवणारी गोळी यांचा संशय घ्या. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीवरून काही ठरवू नका.

खडीसाखर:
रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे. त्याचा संबंध?

आडवाट:
असू शकतो. रक्तवाहिन्या ज्या अल्फा रिसेप्टरमुळे आवळतात, ते अडवणाऱ्या गटातलंच हे औषध. याच गटातल्या प्राझोसिनने बीपी जास्त पडतं, टॅमसुलोसिनने कमी, पण नसा आधीच दुबळ्या असतील तर तेवढंही पुरतं. पायांच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन असेल तर तेही सांगा, त्यानेही असं होऊ शकतं. परस्पर काही बंद करू नका, आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून पावलं वर-खाली करायची, लघवी बसूनच. अंधारी यायला लागली तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या.

तिरफळ:
एक राहिलं. नसा दुबळ्या असलेल्यांचं झोपेतलं बीपी उलट चढलेलं असू शकतं. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, पलंगाचे डोक्याकडचे पायच विटांवर चढवा, ५-६ इंच.