‘ज्याला सोडायची तो घरी बसून सोडतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कराडची
काल इथे एकाने लिहिलं, ‘एएच्या मीटिंगा म्हणजे चर्चमधलं रडगाणं. ज्याला दारू सोडायची तो घरी बसून सोडतो. बायकांनी नवऱ्यांना तिकडे ढकलणं बंद करावं.’ (एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेले गट.) त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला गप्प बसवेना.

माझ्या भावाने घरी बसूनच सोडली होती. दोन दिवसांत फिट आली, मग भिंतीवर माणसं दिसायला लागली. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा, एवढं तरी लिहायचं होतंत!

दवाखाना अंगातली दारू उतरवतो. घरी आल्यावर संध्याकाळ होते, पाय नेहमीच्या रस्त्याला लागतात, तेव्हा जायला दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे मीटिंग. फी नाही, हजेरीपट नाही. शेवटी टोपली फिरते, तीत मेंबरच ऐपतीप्रमाणे टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. चर्चचा हॉल मिळतो म्हणून तिथे भरते, शाळेच्या वर्गातही भरते.

खरा त्रास पत्ता सापडण्याचा. बाहेर मोठी पाटी नसते, जिना कुठला ते कळत नाही, आणि घाबरलेला माणूस तेवढ्यावरून परत फिरतो. म्हणून आधी एएला फोन करा. मराठी मीटिंग कुठली, ओपन की क्लोज्ड, विचारून घ्या. ओपनला घरचेही बसू शकतात. नाक्यावर घ्यायला कुणी येईल का, हेही विचारा. बहुतेक वेळा येतात. काहीच हाती लागत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६.

तर्कनिष्ठ सातारा
ती पोस्ट माझी. फिटचं लिहायला हवं होतं, ठीक. पण देवाचं काय? एएच्या बारा पायऱ्या, त्यातल्या तिसरीला स्वतःला देवाच्या हवाली करायचं. माझे वडील वर्षानुवर्षं मीटिंगला गेले. प्रार्थना म्हणायचे आणि येताना पिऊन यायचे. आईने शेवटपर्यंत डबा भरून दिला, ‘मीटिंगला चाललेत’ म्हणून. तो माझा पुरावा.

जुना मेंबर, परळ
साहेब, पायरीत ‘आम्हाला उमजलेला देव’ असं आहे. मी देव मानत नाही. माझी मोठी शक्ती म्हणजे समोर बसलेली माणसं. मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा लागते, दुसरी अट नाही. तुमच्या वडिलांचं वाईट वाटतं. पण पिऊन आलेल्यालाही आम्ही हाकलत नाही, मागच्या बाकावर बसवतो. मी त्याच बाकावरून पुढे आलोय.

औषधवाला
मी सरकारी रुग्णालयात काम करतो. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था), सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरलेत. मात्र काही मेंबर नव्याला सांगतात, ‘गोळ्या सोड, मीटिंग पुरे.’ हे धोक्याचं आहे. त्यांनी ते ताबडतोब थांबवावं.

तर्कनिष्ठ सातारा
अमेरिकेत भरपूर मीटिंगा असतील. आमच्या तालुक्यात एक दाखवा.

वरोरेकर
मीटिंग शोधत काय बसलात? दुकानं बंद करा! आमच्या चंद्रपुरात २०१५ला दारूबंदी आली, बायांनी त्यासाठी पाय झिजवले होते. २०२१ला सरकारने उठवली. कुणाला विचारून?

बल्लारपूर
मला विचारा. बंदीत आमच्या गल्लीत दारू घरपोच यायची, दुप्पट भावाने. पोचवायला शाळकरी पोरं. माझा चुलतभाऊ त्यातच बिघडला.

वरोरेकर
म्हणून बंदी वाईट? पोलिसांनी हप्ते खाल्ले हा बंदीचा दोष? माझ्या बहिणीच्या घरी तेवढी वर्षं भांडी शाबूत राहिली. ते तुम्हाला दिसणार नाही.

बल्लारपूर
बहिणीच्या गल्लीत मिळत नसेल, आमच्या गल्लीत मिळत होती. आवाज चढवून हे बदलणार नाही.

औषधवाला
गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे, तरी मुक्तिपथला, म्हणजे तिथल्या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेला, तालुक्यांत व्यसन उपचार क्लिनिकं काढावी लागली. म्हणजे बंदी असो-नसो, प्यायची सवय लागलेल्याला उपचार लागतातच.

वरोरेकर
क्लिनिकं हवीत, मान्य. पण बंदी आधी. यावरून हटणार नाही.

कराडची
अहो, बंदीसाठी वेगळा धागा काढा ना! इथे कुणीतरी पत्ता शोधत आलं असेल.

नाव नको
मी आलेय. सगळे नवऱ्यांबद्दल बोलताय. मी बाई आहे आणि पिणारी मी आहे. धीर करून मीटिंगला गेले, तर दारातल्या गृहस्थांनी प्रेमाने सांगितलं, ‘ताई, अल-अनॉन पलीकडच्या खोलीत.’ म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग. मी तिथे जाऊन बसले. बायका नवऱ्यांबद्दल रडत होत्या. मी पण खोटंच रडले आणि निघून आले. परत गेले नाही.

जुना मेंबर, परळ
ताई, हे आमच्या लोकांचं चुकलंच. येणाऱ्या बाईला आधी विचारायला हवं, ‘स्वतःसाठी आलात का?’ आमच्या गटात हा विषय काढतो. फोनवर ‘महिला मेंबरशी बोलायचंय’ एवढंच म्हणा. बायकांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, नाव-चेहरा दाखवावा लागत नाही.

तर्कनिष्ठ सातारा
मीटिंगबद्दलचं माझं मत तेच आहे. पण ताई, तुम्ही जा. आणि रोज पीत असाल तर आधी डॉक्टरकडे.

कराडची
नाव नको ताई, शहर कुठलं ते मला वेगळ्या निरोपात कळवा. फोन मी लावते, दारापर्यंत सोबत येणारी बाई शोधू.