सीएसव्ही फाइल थेट मुख्य टेबलमध्ये भरू नये
सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. तिची प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडून डेटाबेसच्या मुख्य टेबलात लगेच इन्सर्ट करावी, म्हणजे भरावी, असा सल्ला कुणी दिला आणि तो सोपा वाटला, तरी पत्त्याच्या रकान्यात "शनिवार पेठ, पुणे" असे अवतरणचिन्हांतले मूल्य आले की एका रकान्याचे दोन होतात आणि पुढची सगळी माहिती एक घर सरकते. २००५ सालच्या आरएफसी ४१८० या सीएसव्हीचे स्वरूप सांगणाऱ्या दस्तऐवजानुसार अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळसुद्धा चालते, म्हणून पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलसारखा तयार पार्सर, म्हणजे रकाने नीट वेगळे करणारा कोडच, वापरावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मी सर्व रकाने टेक्स्ट (मजकूर) प्रकारचे असलेल्या तात्पुरत्या टेबलात कॉपी आदेशाने फाइल भरतो, तारखा व रकमा तिथेच तपासतो आणि मगच एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या ओळी जातील किंवा एकही जाणार नाही अशा रीतीने, मुख्य टेबलात नेतो. बँक खाते क्रमांक मात्र मुख्य टेबलातही टेक्स्टच ठेवावेत, कारण अंकी रकान्यात त्यांची सुरुवातीची शून्ये नाहीशी होतात.